संत्रं खावं की प्यावं?

सालपट (धागाकर्ता)
मुलाच्या डब्यासोबत रोज संत्र्याच्या पेयाचा पॅक जातो. मी कुरकुर केली की घरातून एकच उत्तर येतं: "फळच आहे ना ते!" काल पॅक उलटा करून वाचला. पहिलं पाणी, दुसरी साखर, मग कुठे संत्र्याचा आटवलेला रस. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे फळापेक्षा साखर जास्त. 'क' जीवनसत्त्व आहे, पण वरून घातलेलं.

माझं मत: याला फळ म्हणणं बंद करा. खरं तर घरी काढलेला रसही फळाची जागा घेत नाही. मध्यम संत्र्यात साखर साधारण १२ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम. पाव लिटर रसात साखर २० ग्रॅमच्या वर, तंतू जेमतेम अर्धा ग्रॅम.

थेंबेथेंबे
असहमत. साखरपाणी आणि निव्वळ रस तुम्ही एकाच माळेत ओवलेत. पहिल्याला झोडपा, मीही काठी घेऊन येतो. पण रसाचा काय गुन्हा? १०० ग्रॅम संत्र्यात 'क' सुमारे ५३ मिलिग्रॅम, तेवढ्याच ताज्या रसात ५०. पोटॅशियम, फोलेट दोन्हीकडे. कॅरोटिनॉइड्स (फळाला केशरी रंग देणारी द्रव्यं) तर रसातून शरीराला जास्त सहज मिळतात, कारण पेशी आधीच फुटलेल्या असतात.

सालपट
१०० ग्रॅमला १०० ग्रॅम मोजून कोण पितं? एका ग्लासाला तीनेक संत्री लागतात. तीन संत्री सोलून, बिया काढून, चावून एका बैठकीत खाऊन दाखवा. ग्लास मात्र उभ्या उभ्या रिकामा होतो.

भिंगवाला
म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेत फळांच्या रसातली साखर 'मुक्त साखरे'त धरली आहे, मधाच्या आणि पाकाच्या पंगतीत. अख्ख्या फळातली धरलेली नाही. मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्के, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम. ५ टक्क्यांखाली ठेवता आली तर आणखी बरं.

थेंबेथेंबे
साखरेचा रेणू तोच. फोडीतून आला की पेल्यातून, हे आतड्याला कोण सांगतं?

भिंगवाला
चोथा सांगतो. १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक प्रयोग आहे, संत्र्याचा नाही, सफरचंदाचा. दहा जणांना तेवढीच साखर अख्ख्या फळातून, गरातून आणि गाळलेल्या रसातून दिली. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला आणि पोट कमी भरलं. रक्तातली साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, हे तुमच्या बाजूचं. पण रसानंतर इन्सुलिन जास्त वाढलं आणि पाठोपाठ साखर जास्त घसरली. दहाच माणसं, मान्य.

दर्यावर्दी
थोडं अवांतर. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंड याने जहाजावर स्कर्व्हीच्या ('क'च्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या) बारा रुग्णांवर सहा उपाय करून पाहिले. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर सावरले. पुढे याच लिंडने रस टिकावा म्हणून तो तापवून आटवायचा सल्ला दिला, आणि त्या आटवणीत औषधी गुणच बहुतेक उडून गेला. कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

थेंबेथेंबे
छान गोष्ट, पण आजचं पाश्चरीकरण म्हणजे तासन् तास आटवणं नव्हे. काही सेकंदांची उष्णता, 'क' बरंचसं टिकतं. उघडलेला रस दिवसेंदिवस ठेवलात तर हवेने जातं, तो दोष ठेवणाऱ्याचा.

चमचाभर
तुमच्या वादात दात नसलेली माणसं नाहीत वाटतं. माझ्या वडिलांना कवळीने फोडी चावत नाहीत, पातळ पापुद्रा घशात अडकतो. त्यांनी काय करावं? शिवाय ते इन्सुलिन घेतात. साखर एकदम उतरली की डॉक्टरांनीच अर्धा कप रस द्यायला सांगितलंय.

सालपट
काकांना रस जरूर द्या, न गाळता दिला तर थोडा गर तरी जाईल. पण ताई, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने माझंच काम केलंत. साखर पटकन चढवतो म्हणून तर तो त्या वेळी देतात. तोच गुण रोज नाश्त्याला कशाला?

थेंबेथेंबे
रोज ग्लासभर मीही म्हणत नाही, छोटा कप पुरे. आणि फळवाल्यांनो, पांढरा भाग खरवडून खरवडून काढता ना? हेस्पेरिडिन हे संत्र्यातलं वनस्पतिजन्य द्रव्य त्यातच जास्त असतं. ते टाकून वर आम्हाला चोथ्याचं प्रवचन!

सालपट
हा टोमणा लागला. मी पांढऱ्याचा कणही ठेवत नाही.

असो. आज पॅक बंद करून डब्यात सोललेलं संत्रं दिलं. दहा फोडींपैकी सात परत आल्या. "बिया होत्या," म्हणे.

थेंबेथेंबे
त्या सातांचा रस काढा.