बागांची देखभाल कायद्याने बंधनकारक करा : आमदारांकडे ही मागणी करावी का?

बेलफळ :
आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेच्या तीन बागा आहेत. त्यातल्या थोरल्या बागेत गेल्या रविवारी पाच वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले होते. घसरगुंडीचा पत्रा मधोमध गंजून फाटलाय. कुणीतरी शहाण्या माणसाने शिडीला काथ्या बांधून वाट अडवली आहे, म्हणून बरं. झोपाळ्यांच्या चौकटी उभ्या आहेत, पण साखळ्या गेल्या. कारंज्याच्या हौदात पावसाचं पाणी साचून हिरवं झालंय. भाचा काथ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हे कधी सोडणार?"

सोमवारी नगरपरिषदेत गेले. बांधकाम विभागातल्या माणसाने न लपवता सांगितलं : बाग बांधायला राज्य सरकारच्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून पैसे आले होते, सांभाळायला कुठलंच अनुदान येत नाही. ठेकेदाराची दोषदायित्वाची (बांधकामातले दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची) मुदत संपली, त्याचा संबंध संपला. आमदार निधीतून नवी बाग मागा, लगेच मिळेल. माळ्याचा पगार मात्र त्यातून निघत नाही.

मग घरी येऊन कायदा काढून वाचला. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५, कलम ४९. दिवाबत्ती, रस्तेसफाई, जन्म-मृत्यूची नोंद ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं. सार्वजनिक बागा बांधणं आणि सांभाळणं मात्र ऐच्छिक यादीत, वाचनालयं आणि संग्रहालयांच्या पंगतीला. म्हणजे बाग ओस पडली तर कायद्याने कुणीच चुकलेलं नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची, म्हणजे शहरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांची यादी, आली, तिच्यातल्या अठरा विषयांत बागा आणि क्रीडांगणं बाराव्या क्रमांकावर आहेत. पण आमच्या कायद्यात त्या अजून "जमल्यास करा" अशाच.

माझ्या मनात आहे ते असं : येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांना निवेदन द्यायचं. बागांची देखभाल आवश्यक कर्तव्यांत घ्या. राज्याच्या पैशाने नवी बाग मंजूर करताना दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे त्याच मंजुरीत बाजूला ठेवा. आणि मुलांच्या खेळण्यांची वर्षातून दोनदा तपासणी करून तारीख फाटकावर लिहा. तुम्हाला काय वाटतं?

जमाखर्च :
ताई, तळमळ पोचली, पण मागणी चुकीची आहे. मी एकतीस वर्षं नगरपरिषदेच्या लेखा विभागात काढली, म्हणून सांगतो.

आवश्यक यादीत घातलं की काम होतं हा समज सोडा. पाणीपुरवठाही आवश्यक यादीतच आहे, तरी कित्येक गावांत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. कागदावर कर्तव्य वाढवून तिजोरी भरत नाही. १९९९ साली नगरपरिषदांची जकात (गावात येणाऱ्या मालावरचा कर) गेली. ती आमच्या हातातली रोजची कमाई होती. तिच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान येतं, ते बहुतेक पगारातच संपतं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचे (मुदत मार्च २०२६ पर्यंत) पैसे घ्या : आपल्यासारख्या गावांना मिळणाऱ्या अनुदानातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. उरलेले चाळीस टक्के मोकळे म्हणायचे, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. मग माळी कशातून ठेवायचा? राहिली घरपट्टी. तिचे दर वाढवायचं म्हटलं की सभागृहात एकही हात वर होत नाही.

उद्या बाग आवश्यक झाली तर मुख्याधिकारी एवढंच करेल : स्मशानभूमीच्या दुरुस्तीतले पैसे काढून हिरवळीवर टाकेल. कारण हिरवळ लोकांना दिसते. मी हे होताना पाहिलं आहे.

तळ्याकाठी :
बेलफळ यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे संध्याकाळी सासूबाईंना पाय मोकळे करायला दुसरी जागा नाही. रस्त्याला फुटपाथ नाही आणि बागेत दिवे नाहीत. त्या आता घराच्या गच्चीवर फेऱ्या मारतात.

एडिसनवासी :
आमदारांच्या मागे लागण्यापेक्षा बागा दत्तक द्या. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. १९७० च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली होती आणि पार्कची पार रया गेली होती. १९८० मध्ये नागरिकांनी सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी काढली, देणग्या गोळा केल्या. आज ८४३ एकरांची ती बाग मुख्यतः त्याच पैशांवर चालते. मी तिथे नेहमी जातो, एक बाक मोडका दिसत नाही. आपल्याकडे कारखाने, पतसंस्था, डॉक्टरांच्या संघटना आहेत. एकेकाने एकेक बाग घ्यावी.

गिरणगावचा :
दत्तकाचं नाव मुंबईकरापुढे काढू नका! आधीच्या योजनांत खुल्या जागा संस्थांना सांभाळायला दिल्या, काहींवर क्लब उभे राहिले आणि शेजारच्या चाळीतली पोरं फाटकाबाहेर. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिक इतके खवळले की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा विरोध. ज्याच्या हाती कुलूप, त्याची बाग. हा आमचा अनुभव.

शिवाय सेंट्रल पार्कच्या दोन्ही बाजूंना राहतं कोण, तेही सांगा. देणगीदार त्याच बागेला मिळतात जिच्याभोवती पैसेवाले राहतात. झोपडपट्टीला लागून असलेली बाग कोण दत्तक घेणार?

बेलफळ :
एडिसनवासी, तुम्ही राहता तिथलंच दुसरं उदाहरण देते. राष्ट्रीय उद्यानं आणि इतर सरकारी जमिनींवरच्या रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी अमेरिकेच्या काँग्रेसने २०२० मध्ये वेगळा कायदा केला. वर्षाला १९० कोटी डॉलरपर्यंत, पाच वर्षं. देणगीदारांचा एवढा मोठा देश, तरी रखडलेली दुरुस्ती उरकायला शेवटी लोकप्रतिनिधींनाच पैसे मंजूर करावे लागले.

हिशेबी_पुणेकर :
साधा उपाय का नको? तिकीट लावा. मुंबईतल्या राणीच्या बागेत २०१७ पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये होते, ते पन्नास केले. लोक जायचे थांबले का? जो वापरतो त्याने द्यावं. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, म्हणूनच खेळणी मोडतात.

निशिगंध :
मी एरवी वाचनमात्र असते, पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील एका शहरात बागेवर माळी होते. आधी कायम कामगार दोघे होते, एक निवृत्त झाला, ती जागा भरली नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांचीही भरली नाही. मग ठेका निघाला. ठेकेदाराची माणसं चार बागा मिळून तीन. गवत कापायचं यंत्र एक. ती माणसं सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे कुठल्या झाडाला किती पाणी लागतं हे त्यांना कळायच्या आत ती गेलेली असतात. वडिलांना बागेतला प्रत्येक नळ कुठून कुठे जातो ते पाठ होतं. आज पाइप फुटला तर अख्खी बाग खणतात, कारण नकाशा फक्त त्यांच्या डोक्यात होता. खेळणी फुकट मिळाली म्हणून मोडत नाहीत हो. बोल्ट ढिला झाल्यावर आवळायला माणूस नसतो म्हणून मोडतात.

आणि तिकिटाचं म्हणाल तर राणीची बाग वर्षातून एकदा बघायची जागा. रोज संध्याकाळी दोन मुलांना घेऊन येणाऱ्या धुणंभांडीवाल्या बाईने दहा रुपये जरी दिले, तरी महिन्याचे तीनशे होतात. ती येणार नाही.

हिशेबी_पुणेकर :
निशिगंधताई, रोजच्या बागेबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य. मोठ्या, लांबून लोक येतात अशा बागांना मात्र तिकीट असावंच, आणि तो पैसा त्याच शहराच्या छोट्या बागांना जावा.

कलम_पोटकलम :
कायद्यापुरतं बोलतो. तमिळनाडूत १९५९ पासून आणि कर्नाटकात १९८५ पासून बागा, क्रीडांगणं आणि खुल्या जागांचे वेगळे कायदे आहेत. बेंगळुरूतली कब्बन पार्क आणि लालबाग वाचवायला कर्नाटकने १९७५ मध्ये आणखी एक कायदा केला होता. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली, तेव्हा उच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो निकाल कायम ठेवला. तेव्हा कायद्याने काहीच होत नाही, हे जमाखर्च यांचं म्हणणं मला पटत नाही. जागा वाचते. पण बेलफळ, तुमचा प्रश्न जागेचा नाही, माळ्याचा आहे, आणि त्यासाठी हे कायदे पुरे पडत नाहीत. तुमच्या निवेदनात पैशाचं कलम नसेल तर ते अर्धंच राहील.

गिरणगावचा :
घरपट्टीच्या बिलात वृक्षकर असतो, तो बघा बरं कुणी. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखालचा तो पैसा झाडांवरच खर्च व्हायला हवा. बागेतली झाडं जगवायला त्यातला किती येतो, हे प्रत्येकाने आपल्या नगरपरिषदेला माहितीच्या अधिकारात विचारावं.

जमाखर्च :
हे चांगलं सुचवलंत. वृक्षनिधीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, त्यामुळे उत्तर टाळता येणार नाही. पण त्यातून झोपाळ्याची साखळी बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कलम_पोटकलम, मी कायद्याविरुद्ध नाही. पैसे न देता कर्तव्य लादण्याविरुद्ध आहे. आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांत २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकांपर्यंत जवळपास चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात बागेचं गाऱ्हाणं मांडायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. आता आहेत. आधी त्यांना अंदाजपत्रकात बागेचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, उघडायला लावा. आज बागेचा खर्च बांधकामाच्या किरकोळ दुरुस्तीत बुडालेला असतो, तो शोधून सापडत नाही. दिसलाच नाही तर भांडणार कशावर?

बेलफळ :
काका, स्वतंत्र लेखाशीर्षाचं मला सुचलं नव्हतं. ते निवेदनात घेते, आणि तीच प्रत आमच्या नगरसेवकांनाही देते. पण आवश्यक यादीची मागणी मी सोडणार नाही. आज अधिकारी मला "हे आमचं काम नाही" असं कायद्याचा आधार घेऊन म्हणू शकतो. तो आधार मला काढून घ्यायचा आहे. पाणी चार दिवसांनी येतं तेव्हा आपण निदान मोर्चा तरी नेऊ शकतो. बागेसाठी तेवढीही जागा नाही.

निवेदनातलं वाक्य आता असं केलंय : "बागांची देखभाल आवश्यक कर्तव्यांत घ्यावी, त्यासाठी राज्याने बांधील अनुदान (फक्त देखभालीवरच खर्चायचं) द्यावं आणि देखभालीची तरतूद नसलेल्या नव्या बागेला मंजुरी देऊ नये." निशिगंध, तुमच्या वडिलांची गोष्ट नाव न घालता जोडली तर चालेल का?

निशिगंध :
चालेल. त्यांना विचारलं. म्हणाले, नळांचा नकाशा काढून देतो, तोही लावा.

जमाखर्च :
"बांधील अनुदान" हे शब्द घातलेत, तर मसुदा इथे टाका. नव्या बागेला तरतुदीशिवाय मंजुरी नको, या ओळीवर मी आजच सही करतो. पहिल्या ओळीवर अजून नाही.