मोठा मेटलचा हर्ब ग्राइंडर घ्यायचाय, ४ इंची घेऊ का? (आणि जुन्याचा आटा अडकलाय त्याचं काय करू)

पालापाचोळा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या. मी कुंड्यांमध्ये पुदिना, थाइम, रोझमेरी, गवती चहा असलं सगळं लावते आणि वाळवून ठेवते, चहात टाकायला आणि वरून भुरभुरायला. आत्तापर्यंत अडीच इंची मेटलचा ग्राइंडर होता, तो चार भागांचा, म्हणजे वर दातेवालं झाकण, खाली दुसरे दाते आणि भोकं, मग चुरा साठतो तो जाळीचा कप्पा आणि तळाला बारीक पावडरचा कप्पा. वर्षभर बरा चालला. मग गेल्या महिन्यात पांढऱ्या बशीत चुरा काढला तर त्यात काळे चकचकीत ठिपके, मला वाटलं मिरी पडली की काय, नखाने दाबलं तर चपटं झालं, रंगाचा पोपडा होता तो!! दात्यांच्या टोकाचा रंग उडून आतलं राखाडी दिसतंय. एवढे दिवस किती पोटात गेला देव जाणे.

तर आता नवीन घ्यायचाय आणि मोठाच घ्यायचाय, कारण अडीच इंचीत एका वेळी चिमूटभर मावतं आणि पंधरा वेळा भरून फिरवता फिरवता मनगट जातं. ४ इंची चांगला का? अॅल्युमिनियम, स्टील, का अजून काही? आणि जुन्याचा मधला आटा असा घट्ट बसलाय की जाळीचा कप्पा उघडतच नाही, त्यात बरीच पावडर आहे, ती टाकूनच देणार आहे पण उघडत का नाही म्हणून चिडचिड होतेय.

आटे_आणि_दाते:
ताई, आधी जुन्याचं सांगतो कारण त्यातच नव्याचं उत्तर आहे. रंगाचा पोपडा निघाला म्हणजे वर पेंट किंवा पातळ प्लेटिंग होतं आणि खाली बहुतेक झिंकचं मिश्रधातू, साच्यात ओतलेलं. असे ग्राइंडर ओतून काढतात, दाते गोलसर येतात, ते कापत नाहीत, चिरडतात. चांगला अॅल्युमिनियमचा असतो तो अख्ख्या ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, काढलेला, दात्याच्या कडा सरळ धारदार, आणि रंग असलाच तर अॅनोडायझिंगचा. अॅनोडायझिंग म्हणजे वरून दिलेला थर नाही, अॅल्युमिनियमचाच पृष्ठभाग ऑक्साइड करून कडक केलेला असतो, तो झिजेल, ओरखडे पडतील, पण पेंटसारखा पोपडा धरून सुटत नाही.

मी आयुष्यभर मशीनशॉपमध्ये काढलं त्यामुळे कुठलाही ग्राइंडर हातात आला की आधी आटेच बघतो. दोन भाग एकमेकांवर ठेवा आणि आधी उलटं फिरवा, बारीक टक् असा आवाज येईल, मग सुलटं फिरवा. दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्ये खरखर लागली, कणीसारखं वाटलं, तर कितीही देखणा असू दे, ठेवून द्या खाली. दुसरं, झाकण बसवून रिकामा फिरवा. धातूवर धातू घासल्याचा आवाज आला तर तो घासून राखाडी भुकटी सोडणार. बऱ्या ग्राइंडरमध्ये झाकण आणि भांड्याच्या मध्ये पांढरी नायलॉन किंवा टेफ्लॉनची रिंग असते, ती त्यासाठीच.

मी_चुंबकवाला:
एवढं कशाला, घरातलं लोहचुंबक लावून बघायचं, चिकटलं तर हलका माल, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियम. सोप्पं.

आटे_आणि_दाते:
नाही हो भाऊ, फसाल असं केलंत तर. झिंकलाही चुंबक चिकटत नाही, अॅल्युमिनियमलाही नाही आणि ३०४ स्टेनलेस स्टीललाही जवळपास नाहीच. म्हणजे तिन्ही पास. आणि झाकणात आधीच निओडिमियमचं चुंबक बसवलेलं असतं त्यामुळे मध्यभागी तर काहीही लावलं तरी चिकटणार.

खरं ओळखायचं ते वजनावरून. पाण्याच्या तुलनेत अॅल्युमिनियम २.७ पट जड, झिंकचं मिश्रण साधारण साडेसहा-पावणेसात पट, स्टेनलेस जवळपास ८ पट. घरी बघायचं तर असं करा: झाकण नुसतं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा वाडगा ठेवून काटा शून्य करा, झाकण दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिली त्याचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, झालं. फक्त दात्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, झाकण पाण्यात तिरकं करून ते सोडून द्या नाहीतर आकडा चुकतो.

खलबत्ता_जिंदाबाद:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. ४ इंची घेऊन मनगट वाचेल हा भ्रम आहे. माझ्याकडे आहे, कपाटात पडलाय. अडीच इंचीपेक्षा ४ इंचीचं क्षेत्रफळ अडीच पट, म्हणजे सगळे दाते भरले तर अडीच पट पाला एकदम कापायचा, आणि तो कडेकडेलाही आहे. धरायची कड लांब गेल्याने थोडा फायदा होतो पण तरी हाताला जोर अडीच पटच लागतो, हिशोब करून बघा. त्यात लहान हाताला ४ इंची झाकणाची पकडच बसत नाही, बोटं ताणून धरावं लागतं. घ्यायचाच तर वर हँडल असलेला घ्या, गरागरा फिरवायचा, मनगट पिळायचं कामच नाही.

आणि थाइमला मुळात ग्राइंडर लागतोच कशाला? वाळलेली काडी स्टीलच्या गाळणीवर चोळा, पानं खाली, काड्या वर. पुदिन्याचंही तेच. ग्राइंडर फक्त रोझमेरीसारख्या सुईसारख्या कडक पानांना.

सावलीतवाळवा:
खलबत्ता भाऊंचा हिशोब बरोबर आहे पण निष्कर्ष नाही पटला, तुम्ही तो काठोकाठ भरत असणार म्हणून पडलाय कपाटात 😀 माझा ४ इंची रोज चालतो. मोठा ग्राइंडर अर्धाच भरायचा. अर्धा भरला तरी अडीच इंचीच्या सव्वापट जातो आणि लोण्यासारखा फिरतो. शिवाय भरायची पण जागा असते, बरोब्बर मध्ये टाकू नका, तिथे चुंबक असतं, दाते नसतात, तिथला पाला नुसता दाबून चपटा होतो आणि झाकण वर उचलतो. दात्यांच्या मधल्या गोल पट्ट्यात पसरायचा. आणि एकाच दिशेने दामटायचं नाही, पाव फेरी पुढे, जरा मागे, पुढे, जरा मागे, पहिले चार-पाच झटके असे दिले की करकर कमी होते, मग सरळ फिरवा. मध्येच एकदम हलकं झालं की समजायचं सगळं खाली पडलं.

बारीक हवं असेल तर अख्खा ग्राइंडर उलटा धरून फिरवा, भोकातून खाली पडायला मिळत नाही म्हणून पाला दात्यांतच राहतो, जितका वेळ फिरवाल तितका बारीक. मग सुलटा करून दोन टिचक्या मारा.

पण ताई तुमचा खरा घोळ मला वाळवण्यात वाटतोय. आटा चिकटला म्हणजे पाला पुरता वाळलेला नव्हता. बोटाने पान चुरगळलं की त्याचा चुरा व्हायला पाहिजे, नुसती घडी पडली तर ते अजून वातड आहे, आणि देठ वाकवला की कट्कन तुटला पाहिजे. पुदिना, थाइम, रोझमेरी ही एकाच कुळातली, यांच्या पानांवर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या फुटल्या की तेल दात्याला लागतं, त्यावर भुकटी बसते, मग ते डिंकासारखं होतं. ओल असेल तर दुप्पट.

गवती चहा मात्र अख्खा कधीच टाकू नका!! त्याचे लांब तंतू दात्यांना दोऱ्यासारखे गुंडाळतात, मी एकदा चिमट्याने अर्धा तास उपसत बसले होते. आधी कात्रीने आडवे, अर्धा-पाऊण सेंटीमीटरचे तुकडे, मग टाका. आणि दालचिनी, जायफळ, लवंग यात घालायची हौस आली तर आवरा, हे पानांचं यंत्र आहे, दाता तुटला की गेला.

पालापाचोळा:
बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद! मी आत्ताच तो पाण्याचा प्रयोग केला. झाकण ११४ ग्रॅम. मग शिवायच्या दोऱ्याने बांधून लाकडी चमच्याला टांगलं, पहिल्यांदा काटा १९ दाखवत होता, तिरकं केलं तर दात्यांतून सात-आठ बुडबुडे वर आले आणि आकडा १७ वर येऊन थांबला. ११४ भागिले १७ म्हणजे ६.७. झिंकच निघालं!! म्हणजे मी जे "भक्कम आहे, जड आहे" म्हणून कौतुकाने घेतलं होतं तेच.

मग स्टीलचा घेऊ का? रंगाची भानगडच नको. इलेक्ट्रिकचं पण मनात येऊन गेलं. आणि तो आटा उघडायचं कुणी सांगितलंच नाही, सावलीवाल्या ताई, वाळवण्याचं खरं आहे, पावसाळी दिवसातला पुदिना होता तो, घडीच पडायची.

आटे_आणि_दाते:
आटा राहिलाच की, सॉरी. पक्कड लावू नका, गोल वस्तू चेपली की आटा कायमचा गेला. अख्खा ग्राइंडर पिशवीत बांधून अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा, तो डिंक थंडीने ठिसूळ होतो. बाहेर काढल्यावर दोन्ही भागांपैकी बाहेरून मिठी मारणारा कुठला ते बघा, ज्याचे आटे आतल्या अंगाला असतात तो, फक्त तेवढाच भाग कढत पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा आणि लगेच रबरी हातमोजे घालून पिळा. बाहेरचा फुगतो, आतला अजून गार असतो, फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, पण आट्याला तेवढा पुष्कळ झाला. उकळत मात्र टाकू नका, साधारण ८० अंशाच्या वर ही चुंबकं कमजोर व्हायला लागतात.

स्टीलचं म्हणाल तर चांगलंच आहे, धुवायला निर्धास्त, रंग नाही, पण ४ इंची अख्ख्या स्टीलचा म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट वजन, आणि सावलीताईंचं ते उलटं करून फिरवायचं प्रकरण मनगटाला झेपणार नाही. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले की एकमेकांना धरतात, आमच्याकडे किती नट-बोल्ट असे कापून काढलेत. तुमच्यासाठी अॅल्युमिनियम, रंग न दिलेला किंवा अॅनोडाइज्ड, ३ इंच. हो, ३. खलबत्ता भाऊंची पकडीची गोष्ट खरी आहे, दुकानात नेऊन हात लावून बघा, अंगठा आणि मधलं बोट कडेवर आरामात बसलं पाहिजे.

खलबत्ता_जिंदाबाद:
इलेक्ट्रिकवर मी बोलतो. पात्याचा असतो तो पाला कापत नाही, बडवतो, खाली धूळ आणि वर अख्खी पानं असं निघतं. आणि चालवत राहिलात तर गरम होतो. पुदिन्यातलं मेंथॉल ४२-४५ अंशालाच वितळतं, बाकीची सुगंधी तेलंही उडून जाणारीच, झाकण उघडल्यावर स्वयंपाकघरभर मस्त वास येतो ना, तो बरणीत राहायला हवा होता. चालवायचाच तर दोन-दोन सेकंद टर्र टर्र करून थांबायचं.

सावलीताई, अर्धा भरून बघतो. कपाटातून काढलाय.

सावलीतवाळवा:
कळवा नक्की 😀

पालापाचोळा, नवीन आणलात की लगेच वापरू नका, मशीनचं तेल आणि बारीक कीस असतो त्यात. कोमट पाणी, भांड्याचा साधा साबण, जुना टूथब्रश, पुसून पूर्ण कोरडा, मग मूठभर टाकाऊ पाला दळून तो फेकून द्यायचा. त्या पहिल्या चुऱ्याचा रंग पांढऱ्या कागदावर बघा, राखाडी झाक दिसली तर परत धुवा, परत एक घाणा फेका. डिशवॉशरमध्ये नको, धुण्याचा सोडाही नको, अॅल्युमिनियम काळं पडतं.

नंतर रोज धुवायचं काही नाही. दळून झालं की कोरड्या ब्रशने दाते आणि आटे झाडायचे, आटे विशेष, सगळं चिकटणं तिथूनच सुरू होतं. महिन्याकाठी रिंग काढून मेटलचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गॅस बंद करून आणि खिडकी उघडी ठेवून, मग साबणपाण्याने धुवा. जाळी बुजली तर खालच्या बाजूने ब्रश, सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग वस्त्रगाळ पावडर कसली, काड्या पण खाली.

आणि दोन बरण्या एकदम दळून ठेवू नका हो. चुरा केला की वास उडायला लागतो. पानं अख्खी ठेवा, आठवड्याचं आठवड्याला दळा, म्हणजे ३ इंची पण पुरेल.

पालापाचोळा:
उघडलाआआ! फ्रीझर, कढत पाणी, हातमोजे, तिसऱ्या पिळ्याला कर्रर्र करून सुटला. आत हिरवा-काळा वाटोळा साबणाच्या वडीसारखा थर, वरून रंगाचे पोपडे. फोटो टाकत नाही, जेवायच्या वेळेला बघवणार नाही.

३ इंची बघायला शनिवारी जातेय. एकच राहिलं, आट्यांना थोडं तेल लावलं तर चालेल का, फिरायला हलकं म्हणून?

आटे_आणि_दाते:
खायचं तेल नको, तेच खवट होऊन चिकट होतं. आटे कोरडे आणि झाडलेले ठेवा. फारच करकरला तर मेणाचा, मधमाशीच्या मेणाचा, एक हात फिरवा आणि फडक्याने पुसून काढा, पुसल्यावर जे उरेल तेवढंच. आणि शनिवारी उलटं फिरवून टक् ऐकायला विसरू नका.