मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने नेमावा की पारखून?

नववीचा पालक: मुलगी अनुदानित शाळेत आहे. जूनमध्ये नव्या मुख्याध्यापकांनी तिन्ही तुकड्या मोडून गुणांप्रमाणे लावल्या, का तर दहावीचा निकाल वाढावा. शिक्षकांना विचारलं नाही, आम्हाला फलकावर वाचून कळलं. दिवाळीपर्यंत ‘क’ तुकडीतली मुलं स्वतःला ढ म्हणायला लागली. सर वाईट नाहीत, गणित सुंदर शिकवायचे. पण ज्येष्ठता यादीत वरचं नाव, एवढ्यावर अख्खी शाळा हाती द्यायची? लेखी परीक्षा आणि मुलाखत हवीच.

माध्यमिक शिक्षिका: मुलाखत घेणार कोण? संस्थाचालकच ना! खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत ज्येष्ठतेचा नियम आहे, म्हणून कुणाची सून-भाची नसलेल्या माझ्यासारखीला त्या खुर्चीची आशा तरी आहे. त्याच नियमात समाधानकारक सेवेची अटही आहे. ती कुणी मनापासून तपासत नाही, कामाच्या गोपनीय अहवालात सगळेच ‘चांगले’. आधी ते दुरुस्त करा.

जि. प. शिक्षक: तुमचा वाद मोठ्या शाळांचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. आमचा पट 38. मीच वर्गशिक्षक, मीच प्रभारी मुख्याध्यापक. पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीत भरायची माहिती, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन. माझ्यापुढे रोजचा निर्णय एवढाच, की बैठकीला जाताना चौथीचा वर्ग कुणावर सोडू. नेतृत्वगुण कितीही असोत, वेळ कुठून आणू?

नववीचा पालक: सर, तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर परीक्षा हा उपाय नाही. बाई, संस्थाचालकांची भीतीही पटली. मग परीक्षा राज्याने घ्यावी, ज्येष्ठ पाच जणांतून निवड व्हावी.

माध्यमिक शिक्षिका: तरीही नाही पटत. आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका यादीनेच आल्या. पहिला महिनाभर प्रत्येकाच्या तासाला मागच्या बाकावर बसल्या. नववीतली कच्ची मुलं लक्षात आल्यावर तुकड्यांना हात लावला नाही. शाळेआधीचा एक जादा तास ठेवला, त्यातले दोन दिवस स्वतः घेतले आणि आम्हाला बोलावून विचारलं, कोणत्या मुलाला नेमकं काय अडतंय. ही समज पेपरात कशी मोजणार?

नववीचा पालक: शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. तुकड्या पुन्हा मिसळा आणि असा जादा तास सुरू करा, हे मी मांडतो. परीक्षेचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.