पडद्यावर न सांगितलेले कॉमिकने सांगावे का?

चर्चाप्रस्ताव

'फायरफ्लाय' या अंतराळातल्या मालिकेचे १४ भाग तयार झाले, पण २००२ साली वाहिनीवर त्यांतले ११च दाखवले गेले आणि मालिका गुंडाळण्यात आली. २००५ च्या 'सेरेनिटी' चित्रपटाने मुख्य रहस्य उलगडले. शेफर्ड बुक या धर्मोपदेशकाचे पूर्वायुष्य मात्र अंधारातच राहिले. ते २०१० साली 'द शेफर्ड्स टेल' या कॉमिकने सांगितले आणि मालिका आवडलेल्या प्रत्येकाने ते वाचावे, असे माझे ठाम मत आहे. (पुढे कथानक उघड होते.) गोष्ट बुकच्या अखेरच्या क्षणांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने बालपणाकडे जाते, त्यामुळे जखम आधी दिसते आणि घाव कुणी घातला ते नंतर कळते. सर्वस्व गमावलेला बुक सूपच्या एका वाडग्याकडे टक लावून पाहतो आणि तिथेच त्याला श्रद्धा सापडते, हे पान मी कितीदा तरी उघडून पाहिले आहे.

प्रतिसाद १

मी पूर्णपणे असहमत आहे. 'सेफ' या भागात बुकला गोळी लागते, शत्रुपक्षाचे, म्हणजे सत्ताधारी अलायन्सचे, जहाज त्याला घ्यायला नकार देते आणि त्याचे ओळखपत्र पाहताच सगळ्यांचा नूर पालटतो. हा माणूस होता तरी कोण, हा प्रश्न तिथे मनात घर करतो. चित्रपटात तर कप्तान त्याला म्हणतो की कधीतरी हे मला सांगावे लागेल, आणि बुक साफ नाही म्हणतो. पात्रानेच दिलेला नकार लेखकाने नंतर का मोडावा? शिवाय कॉमिकमध्ये तो त्याच सत्तेच्या सैन्यातून नामुष्की पत्करून बाहेर पडतो. मग त्या ओळखपत्राला इतका मान कसा? आणि बुकची भूमिका करणाऱ्या रॉन ग्लास यांचा तो संथ, भारदस्त आवाज कागदावर कुठून आणणार?

प्रतिसाद २

सगळी कॉमिक्स एका मापाने मोजू नयेत, एवढेच सुचवतो. २००५ चे तीन अंकी 'दोज लेफ्ट बिहाइंड' मालिका आणि चित्रपट यांच्यामधली फट भरते. बुक आणि त्याची सहप्रवासी इनारा चित्रपटाच्या सुरुवातीला जहाजावर का नाहीत, हे त्यातून कळते. ते मी आवर्जून वाचायला सांगेन. बुकच्या कॉमिकबाबत मात्र मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने आहे, कारण ५६ पानांत एवढे आयुष्य कोंबल्यामुळे एकेक टप्पा नीट उमलण्याआधीच संपतो.

प्रस्तावकाचे उत्तर

ओळखपत्राचा मुद्दा बिनतोड आहे. कॉमिकमध्ये बुक हा मुळात विरुद्ध बाजूने त्या सैन्यात पेरलेला हेर असतो. माझा तर्क असा की, आपल्याच गोटात शत्रूचा हेर इतक्या वर पोहोचला होता, हे कोणतीही सत्ता कागदोपत्री ठेवणार नाही, म्हणून नोंद स्वच्छ राहिली असावी. आवाजाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. मालिका आधी पाहिलेली असल्यामुळे सूपच्या त्या पानावर मला ग्लास यांचाच आवाज ऐकू आला, आणि मालिका न पाहता थेट हे कॉमिक हाती घ्या, असे मी कुणालाही सांगणार नाही.