ओंटारिओत (कॅनडा) घरची गांजाची चार रोपं : कुठलं बियाणं घ्यावं आणि माती कशी तयार करावी?

किचनरचा_वाफा
नमस्कार मंडळी. किचनरला दोन वर्षांपूर्वी घर घेतलं, नवीन सबडिव्हिजन आहे, मागे छोटं बॅकयार्ड. इथे घरटी चार रोपं लावायला परवानगी आहे म्हणून मागच्या वर्षी पहिल्यांदा कॅनाबिस म्हणजे गांजा लावला, बियाणं सरकारमान्य दुकानातूनच आणलेलं, पण सगळं वाया गेलं हो. बियाणं हेझ घराण्यातलं (गांजाचं एक प्रसिद्ध वाण) घेतलं कारण नाव खूप ऐकलं होतं. रोपं झाली माझ्या खांद्याएवढी, पानं हिरवीगार, पण सप्टेंबर अर्धा संपला तरी फुलं नुसती डोकावत होती, भरत काहीच नव्हतं. मग ऑक्टोबरात पाऊस लागला आणि एक दिवस जरा जाड वाटणारा एक बड (फुलाचा गोंडा) बोटांनी उघडून पाहिला तर आतून राखाडी बुरशी, कापसासारखी, आणि देठ पार मऊ. दोन दिवसांत चारही रोपं गेली. मातीचं म्हणाल तर हिरवळीचा पट्टा उचलला की खाली निव्वळ चिकणमाती, पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हात विटेसारखी. मी खड्डे खणून त्यात पिशवीतली चांगली माती भरली होती तरी रोपं पिवळी पडत होती. यंदा बियाणं कुठलं घेऊ आणि मातीचं काय करू, नीट सांगा कोणीतरी. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तेही डोक्यात ठेवून सांगा.

नाशिककर_ग्वेल्फ
दादा, वाचून वाईट वाटलं, ती राखाडी बुरशी मी लहानपणापासून ओळखतो. आमची निफाडला द्राक्षबाग, घड गच्च झाला आणि पाऊस आला की आतून असाच सडायचा. ही तीच बोट्रायटिस. तिला दाट फूल, गार रात्र आणि सकाळचं दव एवढं मिळालं की पुरतं, आणि इथे ओंटारिओत सप्टेंबरअखेर ते तिन्ही एकदम मिळतात.

म्हणून माझं म्हणणं असं की बियाणं नावावरून निवडूच नका, कॅलेंडरवरून निवडा. साधं रोप दिवस लहान व्हायला लागला की फुलावर येतं. आपल्या भागात ऑगस्टच्या मध्याला दिवस चौदा तासांच्या आसपास येतो, तिथून फुलोरा धरा. आठ आठवड्यांत तयार होणारं वाण मग ऑक्टोबरच्या मध्यावर जातं, आणि हेझसारख्यांना दहा अकरा आठवडे लागतात म्हणजे नोव्हेंबर उजाडला, तोपर्यंत हिम पडून सगळं काळं. तुमच्या रोपांची काही चूक नव्हती, त्यांना इथे वेळच नव्हता.

पहिला मार्ग ऑटोफ्लावर. हे रुडेरालिस नावाच्या उत्तरेकडच्या रानटी जातीशी संकर करून आलेलं, दिवसाच्या लांबीशी त्याला देणंघेणं नाही, बी रुजल्यापासून साधारण पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत आवरतं. मेच्या मध्याला घरात बी टाकलं, जूनच्या सुरुवातीला बाहेर काढलं की ऑगस्टमध्ये कापणी, गार रात्री सुरू व्हायच्या आत. रोप बुटकं राहतं, कुंपणाच्या वर डोकावत नाही. दुसरा मार्ग म्हणजे लवकर येणारं, मोकळ्या फुलांचं वाण, पाकिटावर सात आठवडे आणि बुरशीला दाद न देणारं असं लिहिलेलं बघा. मी तुमच्या जागी असतो तर तीन ऑटो आणि एकच लवकरचं लावलं असतं. बियाणं फेमिनाइज्ड, म्हणजे मादी रोपंच देणारं घ्या, नाहीतर नर ओळखून उपटत बसावं लागतं, एक नर राहिला तर सगळ्यांत बी धरतं. जुन्या बंगालात नौगावकडे गांजाच्या शेतात नर रोपं ओळखायला खास माणूस असायचा, पोद्दार म्हणायचे त्याला, इतकं ते नजरेचं काम आहे.

आणि इंडिका म्हणजे सुस्ती, सॅटिव्हा म्हणजे तरतरी हे दुकानातलं वर्गीकरण फार मनावर घेऊ नका. 2015 मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा एकाच नावाची सँपल्स एकमेकांपासून बरीच वेगळी निघाली. टीएचसीचा (नशा आणणारा घटक) मोठा आकडा पाहूनही घेऊ नका, टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) सारखं असलेली वाणं मिळतात, नवख्या माणसाला ती बरी.

मृण्मयी_हॅमिल्टन
नाशिककरांनी बियाण्याचं नेमकं सांगितलंय, मी मातीवर लिहिते कारण चिकणमातीत मी स्वतः तीन वर्षं टोमॅटो मारलेत.

किचनरदादा, तुम्ही चिकणमातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरलीत ना, तिथेच घात झाला. तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली झाली, आजूबाजूचं पाणी त्यात येतं आणि खाली निचरा नाही, मुळं गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात. मग आपल्याला वाटतं खत कमी पडलं म्हणून आपण अजून खत देतो. जमिनीचा नाद यंदा सोडाच, कापडी कुंड्या घ्या, पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण एकोणीस लिटर. ऑटोफ्लावरचं बी शक्यतो थेट त्याच कुंडीत रुजवा, मुळं हलवलेली त्याला सोसत नाहीत आणि रुसण्यात दोन आठवडे गेले तर त्याच्या छोट्या आयुष्यात ते भरून निघत नाहीत. गार रात्री कुंड्या घरात उचलून आणायच्या, तेवढं करावं लागतं.

मिश्रण मी असं करते, मापाला एकच जुनी बादली. दोन बादल्या पीटमॉसवालं (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) पॉटिंग मिक्स, म्हणजे कुंडीची तयार माती, एक बादली चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक बादली परलाइट (निचऱ्यासाठी घालायचे हलके पांढरे खडे). परलाइट आधी पाणी मारून ओलं करा आणि मास्क लावा, ती पांढरी धूळ छातीत जायला नको. नुसतं पीट घेतलं तर ते आंबट असतं, पीएच चारच्या आसपास, त्यात डोलोमाईट चुना लागतो, पण पिशवीतल्या मिक्समध्ये बहुतेक वेळा तो घातलेला असतो, पाठीमागे वाचून बघा आणि असेल तर वरून घालू नका. आपल्याला सहा ते पावणेसातच्या मधला पीएच हवा. सगळं कालवून ओलसर करून दोन तीन आठवडे झाकून ठेवा, मुरू द्या. मग मूठ आवळून बघा, लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटला पाहिजे, पाणी टपकलं तर जास्त ओलं. आपल्या आज्या ज्याला वाफसा म्हणायच्या तो हाच.

खताचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पानं काळपट हिरवी होऊन टोकं खाली वळतात, पोपटाच्या चोचीसारखी, तसं दिसलं की फक्त साधं पाणी. बी रुजवताना मधोमध वाटीभर जागेत नुसतं हलकं मिक्स भरा, कंपोस्ट नको, कोवळी मुळं जळतात.

अजून एक, किचनरचं पाणी बहुतेक जमिनीतलं आहे आणि भयंकर जड, त्यामुळे घरोघरी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असतो. सॉफ्टनरचं पाणी झाडाला घालू नका, त्यात सोडियम असतं. बाहेरचा बागेचा नळ बहुतेक घरांत सॉफ्टनरला वळसा घालून येतो, तुमचा येतो का बघा. त्या जड पाण्यात कॅल्शियम आयतंच मिळतं, म्हणून दुकानदार कॅल्शियमची बाटली गळ्यात मारायला लागला तर थांबा.

किचनरचा_वाफा
ताई, बादलीचं वाचून कपाळावर हात मारला, अगदी तसंच झालं होतं, उपटलेल्या रोपांची मुळं तपकिरी आणि वास मारत होती. आणि पाणी मी स्वयंपाकघरातलंच घालत होतो, सॉफ्टनर आहे आमच्याकडे. पाणी किती दिवसांनी घालायचं?

मृण्मयी_हॅमिल्टन
दिवस मोजू नका, कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला कळू द्या, मग हलकी लागली की घाला. लहान रोपाला पूर्ण कुंडी भिजवायची नाही, रोपाभोवती गोल करून थोडं थोडं.

सातारकर_लंडन_ओंटारिओ
मुलीचा विषय राहिला म्हणून लिहितोय. चार रोपं ही दर घराला, दर माणसाला नाहीत, नवरा बायको मिळून आठ होत नाहीत. वय किमान एकोणीस हवं. भाड्याचं घर असेल तर करार आधी वाचायचा, तुमचं स्वतःचं आहे ते बरं. कुंड्या कुलूप लागेल अशा कुंपणाआड ठेवा आणि वाळवलेला माल कुलपात, मुलांच्या हाताला लागता कामा नये, पोटात गेलं तर थेट हॉस्पिटलची पाळी येते. खाण्याचे पदार्थ करणार असाल तर ते घरातल्या बाकी खाऊजवळ कधीच नको. अमेरिकेला ड्राइव्ह करून जाताना किंवा भारतात जाताना बॅगेत बीसुद्धा नको, भारतात एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा 1985 पासून आहे आणि तिथे परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे. गावी कोणाला हौसेने बी नेऊन देऊ नका, त्या माणसाच्या घरावर नांगर फिरेल.

नाशिककर_ग्वेल्फ
सातारकरांशी शंभर टक्के सहमत. मी फक्त एक जोडतो, फुलं भरायला लागली की आतली, हवा अडवणारी पानं थोडी थोडी काढा, बागेत घडाभोवतीची काढतो तशीच, एका दिवसात बोडकं करायचं नाही. पाऊस झाला की रोप हलकेच हलवून पाणी झटका. फुलांवर कसलीही फवारणी नको. आणि रोज सकाळी बघताना एखादं छोटं पान मधूनच पिवळं पडून ओढल्याबरोबर हातात आलं तर त्याच्या देठाजवळचं फूल उघडून बघा, सड तिथून सुरू होते. दिसली तर दोन बोटं खालपर्यंत कापून टाका आणि कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या रोपाला लावा.

किचनरचा_वाफा
ठरलं मग. तीन ऑटो, एक लवकरचं. कुंड्या डेकच्या पूर्वेच्या बाजूला, सकाळचं ऊन लवकर येतं म्हणजे दव लवकर उडेल. एप्रिलअखेरच माती मुरायला घालतो, कुंपणाला कुलूप या शनिवारीच बसवतो. बाहेरचा नळ आत्ताच जाऊन बघितला, सॉफ्टनरच्या आधीच वेगळा निघतोय.