दुसरी कुत्री आल्यापासून दोघेही घरातच लघवी करत आहेत, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. आमच्याकडे सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, नाव बंड्या. त्याचे निर्बीजीकरण झालेले असून पिल्लूपण सरल्यापासून त्याने घरात कधीही घाण केली नव्हती. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही एका निवाऱ्यातून सुमारे दहा महिन्यांची गावठी कुत्री दत्तक घेतली. तिचे, म्हणजे चिंगीचे, लसीकरण व निर्बीजीकरण निवाऱ्यातच पूर्ण झाले आहे. दोघांचे आपसात उत्तम जमते, खाण्यावरूनही कुरबुर होत नाही. अडचण आहे ती केवळ लघवीची.

चिंगी निवाऱ्यातच वाढली आणि तेथे सर्वत्र सिमेंटची फरशी होती. तिला खाली नेले की रिक्षाच्या नाहीतर कुकरच्या शिट्टीच्या आवाजानेही ती शेपूट पायांत घालते, गवतावर पाय ठेवायला तयार होत नाही आणि कितीही वेळ थांबलो तरी काही करत नाही; मात्र वर येऊन पट्टा काढताच पॅसेजमधील फरशीवर मोठे थारोळे करते. पाऊस सुरू झाल्यापासून तर ती लिफ्टमधून बाहेर पडायलाही नकार देते. लघवीचे पॅड गॅलरीत अंथरून पाहिले, पण तिच्या दृष्टीने ते फाडण्याचे खेळणे आहे.

याहून अधिक काळजी मला बंड्याची वाटते. चिंगीने जेथे लघवी केली असेल तेथे तो हुंगत जातो आणि पाय वर करून चार थेंब सोडतो. आता सोफ्याचा कोपरा, दाराची चौकट आणि मुलीचे दप्तर हीही त्याची ठिकाणे झाली आहेत. फरशी आम्ही दर वेळी फिनाईलने पुसून घेतो. सासूबाईंचे मत असे की, कुत्र्याचे नाक त्या जागी घासून दोन फटके दिल्याशिवाय त्याला समजत नाही. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरे उत्तरही नाही. चिंगीला बाहेर करण्याची सवय कशी लावावी, बंड्या चिडून असे करत आहे का, आणि दोघांना एकत्र फिरवावे की वेगवेगळे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्ही याकडे एक अडचण म्हणून पाहत आहात, परंतु तुमच्या वर्णनावरून त्या दोन स्वतंत्र अडचणी दिसतात. चिंगी मूत्राशय रिकामे करते, तर बंड्या आपल्या वासाची खूण करतो. सपाट जागी मोठे थारोळे आणि उभ्या वस्तूंवर थोडेसे शिंतोडे, हा फरक तुम्ही स्वतःच नोंदवला आहे. निर्बीजीकरण झालेले नरही खुणा करू शकतात, विशेषतः घरात नव्या प्राण्याचा वास आल्यावर. यात चिडणे वा सूड घेणे नसते. तरीही इतकी वर्षे स्वच्छ राहिलेल्या कुत्र्याची सवय अचानक बदलली असल्याने आधी त्याची लघवी तपासून घ्यावी, कारण मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर कोणत्याही शिकवणीचा उपयोग होत नाही. तो नेहमीपेक्षा जास्त पाणी पितो का, तेही पाहा.

चिंगीच्या पायांना लहानपणापासून सिमेंट माहीत आहे, त्यामुळे तुमची फरशी हीच तिला योग्य जागा वाटते आणि गवत परके वाटते. तिला गवताचा आग्रह करू नका. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कोरडा, शांत कोपरा असेल तर तेथूनच सुरुवात करा. पावसाळ्यात ते सोयीचेही पडेल. तिची लघवी टिपलेला कागद त्या कोपऱ्यात ठेवा, पट्टा लावून जागच्या जागी उभे राहा, आणि तिने लघवी केली की तेथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. वर आल्यावर दिलेला खाऊ तिच्या लेखी वर येण्याचे बक्षीस ठरतो. जागा मात्र नंतर स्वतः धुऊन काढा, नाहीतर सोसायटीची तक्रार येईल. काही न करता परत यावे लागले, तर पट्टा सोडू नका; तिला स्वतःजवळ बांधून ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली न्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर नेणे चुकवू नका.

फिनाईलने आपल्याला वास येईनासा होतो, कुत्र्याला येतच राहतो. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम (लघवीतील वासाचे घटक मोडणारे पदार्थ) असलेला क्लीनर मिळतो. तो वापरण्यापूर्वी फरशी साध्या पाण्याने धुऊन घ्या आणि तो बाटलीवर सांगितलेला वेळ ओला राहू द्या, कारण एन्झाइमला काम करायला अवधी लागतो. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने दिसतात. चौकटीच्या खालच्या भागावर टॉर्च अवश्य मारून पाहा. अमोनियाचे द्रव टाळा, कारण लघवीलाही तसाच वास असतो, आणि ब्लीच लघवीवर ओतल्यास अपायकारक वायू सुटतो.

नाक घासण्याबाबत तुमचे मत योग्य आहे. चिंगीसारखी भित्री कुत्री त्यातून एवढेच शिकेल की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ती बाहेर तुमच्यासमोर करणार नाही आणि घरात पलंगामागे जाऊन करेल.

धागाकर्ती

आभारी आहे. बंड्याची लघवी उद्याच तपासायला देते. दोघांना एकत्र फिरवण्याचे मात्र राहिले.

प्रतिसाद १

लघवीच्या फेऱ्या सध्या वेगवेगळ्या ठेवा, कारण एकत्र नेल्यास चिंगी खेळात रमते आणि बंड्याचा वेळ तिच्यावर लक्ष ठेवण्यात जातो. ती कोपऱ्यात सहज करू लागली की बंड्याला आधी तेथे नेऊन मग तिला आणा. दुसऱ्या कुत्र्याचा ताजा वास असला की बऱ्याच कुत्र्यांना तेथेच करावेसे वाटते. घरात तुमची नजर नसेल तेव्हा दोघांना पॅसेज बंद ठेवा, आणि दप्तर खुंटीला अडकवा.