कॅनडातल्या बंद पडलेल्या हॉकी-फुटबॉल टीमा, कुणाला माहिती आहे का?

कृष्णाकाठ (सांगली):
मामेभाऊ कॅनडातनं आला, त्यानं क्विबेक नॉर्डिक्सची निळी टोपी आणली. म्हटलं बघू तरी ही आईस हॉकीवाली टीम कशी खेळती, तर टेबलात नावच नाही, १९९५ लाच गेली म्हणे. गेली म्हंजे कुठं गेली राव? कोल्हापुरात पेठेची टीम हरंल, भांडंल, पण उठून दुसऱ्या गावाला जाईल का? फुटबॉलच्या पण अशा टीमा बुडाल्यात का तिकडं? जाणकारांनी सविस्तर सांगा, नुसत्या लिंका नकोत.

मिरज_जंक्शन:
तिकडं टीम पेठेची नसती हो, मालकाची असती. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरात, तिकिटं खपायची कॅनडाच्या डॉलरात, आणि तो तेव्हा अमेरिकेच्या ७३ सेंटच्या आसपास, म्हंजे सुरवातच तोट्यात. नवं स्टेडियम पाहिजे म्हणून मालक सरकारच्या मागं लागले, जमलं नाही, टीम विकली अमेरिकेतल्या डेन्व्हरला. तिथं कोलोरॅडो ॲव्हलांच नाव झालं आणि पहिल्याच सीझनला, १९९६ ला, स्टॅनली कप, म्हंजे आईस हॉकीतला सगळ्यात मोठा कप! क्विबेकवाल्यांच्या जिवाला काय वाटलं असंल. २०१५ ला तिथं १८ हजार सीटांचं स्टेडियम उभं राहिलं, पण एनएचएलची (तिकडची सगळ्यात मोठी आईस हॉकी लीग) टीम काय आली नाही.

अजिंक्यतारा:
पब्लिकच येत नसणार, उगं मालकाला कशाला शिव्या. पब्लिक असल्यावर कोण जातंय.

विनिपेगचा_सातारकर:
@अजिंक्यतारा दादा, इथं येऊन हे बोलू नका, मार खाल 😄 १९९५ ला आमची विनिपेगची हॉकी टीम जेट्स वाचवायला हजारो लोक जमले, पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले, तरी १९९६ ला टीम अमेरिकेत फिनिक्सला गेलीच. इथली जुनी माणसं अजून जेट्सच्या टीमू सेलानेचा विषय निघाला की थांबत नाहीत, १९९२-९३ ला पहिल्याच सीझनला ७६ गोल, नवख्या खेळाडूचा तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. पुढं २०११ ला अटलांटाची टीम इकडं आली, तिलाच जेट्स नाव दिलं, म्हंजे रडायची पाळी आता तिकडच्यांची.

मिरज_जंक्शन:
कॅनडातल्याच हॅमिल्टन गावच्या हॉकी टीमचं, टायगर्सचं, तर अजून भारी आहे. १९२५ ला टेबलात टॉपला, पण मॅचा २४ च्या ३० केल्या आणि पैसे तेवढेच, म्हणून पोरं म्हणली प्रत्येकी २०० डॉलर द्या नाहीतर प्लेऑफ खेळत नाही. लीगनं सरळ सस्पेंड केलं आणि पुढं खेळाडू विकले गेले न्यूयॉर्कच्या बिल ड्वायरला, ज्याचा धंदा चोरट्या दारूचा! शंभर वर्षं झाली, हॅमिल्टनला परत एनएचएलची टीम मिळाली नाही.

सेंटर_फॉरवर्ड (विश्रामबाग):
फुटबॉलचं कुणी बोलंना म्हणून मी. तिथं टीम नाही, अख्खी लीगच बुडाली, एनएएसएल, अमेरिका-कॅनडाची मिळून फुटबॉल लीग. १९७६ ला टोरांटो मेट्रोज-क्रोएशियानं फायनल मारली, टीममध्ये युसेबियो, हो तोच पोर्तुगालचा नावाजलेला स्ट्रायकर! १९७९ ला व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स चॅम्पियन. १९८१ ला कॅनडाच्या पाच टीमा होत्या, त्यातली कॅलगरी बूमर्स तर एकच सीझन खेळली. मॉन्ट्रियल मॅनिकला गर्दी तुफान व्हायची, पण १९८४ पासून हीच कॅनडाची नॅशनल टीम करू म्हणून मालकांनी ठरवलं, मॉन्ट्रियल पडलं क्विबेक प्रांतात, तिथल्या माणसांना आपलं वेगळेपण प्यारं, ती बिथरली, गर्दी आटली आणि १९८३ लाच दुकान बंद. लीग गेली १९८५ ला आणि त्याच वर्षी कॅनडा होंडुरासला हरवून वर्ल्ड कपला क्वालिफाय झाला. मेक्सिकोत तिन्ही मॅच हरले, गोल एकपण नाही, आणि पुढचा वर्ल्ड कप खेळायला थेट २०२२ उजाडलं.